पाय घसरला, एवढंच

३ मार्च
पडले! बाथरूमच्या दारात. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. परवा ऑपरेशन झालं, आत सळई घातलीय. वही आज लेकीने घरून आणून दिली. पाय घसरला, दुसरं काय.

५ मार्च
जो येतो तो मलाच बोलतो. लेक — "आई, ओल्या फरशीवर कशाला गेलीस?" धाकटी जाऊ — "आता वय झालं, जरा दमानं घ्यायचं!" डॉक्टर — "हाडं ठिसूळ झालीत, आजी." सगळं कबूल. मान हलवायला काय जातंय, मान तेवढी शाबूत आहे.

हे सध्या लेकीकडे. तीन वर्षांपासून विसरायला लागलेत — जेवलो का, घर कुठलं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता सकाळ की संध्याकाळ तेही मला विचारतात. तिथे कुणाला विचारत असतील?

८ मार्च
व्यायाम घेणारी मुलगी वॉकर घेऊन आली. "एकच पाऊल, आजी." पाऊल कसलं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. बेडपॅन मागायची लाज वाटते, म्हणून पाणीच पीत नाही. नर्सने पकडलं. खूप ओरडली.

९ मार्च
उठलेच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१२ मार्च
लेक ह्यांना भेटायला घेऊन आली. दाढी नीट झालेली नव्हती. पलंगाशी बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "फार लागलं का हो तुम्हाला?" पन्नास वर्षांच्या संसारानंतर मला अहो-जाहो! मी म्हटलं, "नाही हो, बरं आहे." लेक बाहेर जाऊन रडून आली.

१४ मार्च
परवा घरी सोडणार. लेकीने बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेत, रबरी चटई टाकलीय. "आणि बाबा आहेतच सोबतीला." मी हो हो म्हटलं. जेवणाचं ताट मात्र तसंच परत पाठवलं. सुटका नाही. पुन्हा पडले तर उठायची नाही, हे पक्कं.

१५ मार्च
लेकीला सांगून टाकलं. फरशी कोरडी होती. ह्यांनी ढकललं — घरात ही कोण बाई शिरली म्हणून. ही तिसरी वेळ. या वहीतही मी खोटंच लिहिलं.

उद्या ह्यांना वृद्धाश्रमात नेणार. मी घरी जाईन. एकटी. सुखरूप.