मलावीत राहिलेली हाताची घडी

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन

ती. द्रौपदीअक्कास,

धाकट्या रावसाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघे वळत नाहीत, तेव्हा आठांतली दोन अंगं वजा धरावीत.) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? झालं असेल तर हे पत्र स्वतः वाच. कांचनकडून वाचून घेऊ नकोस, ती मधली वाक्यं खाते.

मी आफ्रिकेतून, म्हणजे मलावीतल्या एका खेड्यातून, सुखरूप परतलो. आपली सुरभी तिथल्या मुलांना शिकवायला 'व्हॉलंटियर' म्हणून निघाली आणि यशोधनला लेकीला एकटं पाठवायचा धीर होईना. घरात रिकामा कोण, तर मी. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमचा जन्म शाळेत गेला, तुम्हाला आवडेल." (मेधा मला 'आवडेल' म्हणते तेव्हा तिकीट काढून झालेलं असतं.) निघण्याआधी संस्थेचं शिबिर झालं. आईने चारदा हाक मारल्याशिवाय अंथरूण सोडत नसेल असा अक्षत नावाचा पोरगा आम्हाला सांगत होता, की गरिबी पाहून रडू आलं तर दाबू नका. मुलं बुजतील, त्यांचं मन हळूहळू जिंका, वगैरे. मुलं कसली बुजतात? असले पाहुणे दर सुट्टीत येतात, शाळेची भिंत रंगवतात, रडतात आणि जातात. आम्हाला पाहताच पोरांनी न सांगता ब्रश आणून दिले. त्या भिंतीवर रंगाचे इतके थर चढलेत, की वर्ग आतून अरुंद झालाय. जेवणाचे हाल होतील म्हणून मी मेतकूट आणि भडंग वाहून नेलं, तर तिथे पालेभाजीत चक्क दाण्याचा कूट. इथे मेधा तो चमच्याने मोजून घालते आणि तिथली स्वयंपाकीणबाई मुठीने. आता बोल.

खरा घोटाळा वर्गात झाला. वर्ग म्हणजे आंब्याचं झाड आणि त्याखाली शंभरावर पोरं. सुरभी आपली "ओके एव्हरीवन, लिसन प्लीज" करत घसा कोरडा करतेय आणि कलकलाट वाढतोय. मला राहवेना. उठलो आणि जन्माच्या सवयीने गरजलो, "हाताची घडी, तोंडावर बोट." करूनही दाखवलं. सगळी चिडीचूप. मी "हात खाली" म्हणेपर्यंत एक हललं नाही. मला वाटलं, याला म्हणतात शिक्षक. कसलं काय! दुसऱ्या दिवशी वाटेत एक पोर भेटलं, मला पाहून घडी घातली, बोट ठेवलं आणि उभं राहिलं. त्यांनी तो आपल्याकडचा रामराम समजला होता. मीही गडबडून उलट घडी घातली (इथे चुकलो), आणि मग गावात शिक्कामोर्तबच झालं. पाण्याला निघालेल्या बायका, सायकलवाले, सगळे घडी घालून थांबायचे आणि मी "हात खाली" म्हटल्यावर पुढे जायचे. शेवटी गावचा मुखिया कोट घालून भेटायला आला. तोही समोर घडी घालून, तोंडावर बोट. त्या भल्या थोरल्या माणसाला मी "हात खाली" कोणत्या तोंडाने म्हणू? सुरभी कानात म्हणाली, "आजोबा, जस्ट से इट, ही'ज वेटिंग." म्हटलं. अगदी हळू म्हटलं.

यापुढचं ऐक. परवा इथे पुढच्या तुकडीचं शिबिर झालं. अक्षतने सर्वांना उभं करून त्या भागातलं 'पारंपरिक अभिवादन' शिकवलं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय म्हणे. मी पहिल्याच रांगेत होतो. मला म्हणाला, "अंकल, कोपर थोडं वर. स्वीट ॲज." (म्हणजे इकडच्या पोरांच्या भाषेत 'झकास'.) ही यांची अक्कल, आणि हे जगाला शिकवायला निघालेत. असल्या उद्योगात माझ्यासारख्याने पुन्हा पडू नये हे उत्तम.

भाऊजींना नमस्कार, कांचनला गाळलेल्या वाक्यांबद्दल धपाटा.

तुझा,
रावसाहेब

ता. क. : उद्योग एवढा वाईट तर परवाच्या शिबिरात तू काय करत होतास, असं तू विचारणारच. नाव घातलंय मी. यशोधन "या वयात एकदा पुरे" म्हणून अडून बसलाय. माझं तो ऐकत नाही, पण लहानपणी आत्याचा मार खाल्लाय, तुझं ऐकेल. त्याला फोन कर. रविवारी सकाळी कर, तेव्हा तो जरा माणसात असतो.

ता. क. २ : निघालो त्या दिवशी सगळी पोरं रस्त्याच्या कडेला ओळीने आली. घडी घातली, बोट ठेवलं. जीप सुरू झाली आणि माझा आवाजच फुटेना. (धूळ फार असते तिकडे.) "हात खाली" म्हणायचं राहूनच गेलं, अक्का. वळणापर्यंत मागे पाहिलं, एकाही पोराने हात सोडला नव्हता. तेवढं म्हणून येतो.