पंधरा बाटल्या, बारा थेंब

४ ऑगस्ट १९८६, पूर्णा
प्राचार्यांनी बोलावलं. बी.ए.ची पंधरा पोरं माझा पर्यावरण रसायन हा ऐच्छिक पेपर घेतील तरच तो चालणार. एक जरी गळालं तर माझा वर्कलोड अर्धा आणि नोकरी टांगणीला. आज बरोबर पंधरा आहेत. म्हणालो, पोरं माझ्यावर जीव टाकतात. मागच्या बाकावर भुजंग डोळे मिटून ऐकत असतो. एकाग्रता.

६ ऑगस्ट
संकल्प: खडू-फळा बंद. रविवारी प्रत्येकाने गावी जाऊन घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणायचं. त्यात साबणाचे थेंब टाकून हलवायचं. फेस टिकायला जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड, क्षारांचं. आमच्या आडाचं पाणीही तपासणार.

११ ऑगस्ट
पंधराच्या पंधरा बाटल्या हजर, लेबलांसकट. बोरी, बारा थेंब. सोनपेठ, बारा. सगळ्या गावांचे बाराच. आमच्या आडाचे तेवढे एकेचाळीस. मोजण्यात चूक झाली असणार. खोडलं.
म्हणजे शोधच लागला. गोदाकाठ असो की बोरीची रानं, जमिनीखाली पाणी एकच. प्राचार्यांना तासाला यायचं निमंत्रण दिलं.

१२ ऑगस्ट, जेवताना
सौ.ला शोध सांगितला. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून सांगायलेय, आपल्या आडाच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. शेजारच्या हापशाच्या पाण्यात शिजती." शास्त्र समजावलं. पटलं नाही. डाळ कच्चीच होती.

१८ ऑगस्ट
प्राचार्य तासाला बसले. मी पाऊण तास बोललो. त्यांनी एवढंच विचारलं, बोरीची विहीर किती खोल आहे? बोरीचा भुजंग छताकडे बघू लागला. शेवटी सोनपेठची सत्यशीला उभी राहिली.
"सर, गावाहून बाटली कोण वाहतंय? आमी सगळ्यांनी इथंच स्टेशनच्या नळावर भरल्या."
प्राचार्य उठून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ ऑगस्ट
पेपर बदलायची शेवटची तारीख. रजा टाकणार होतो, पण गेलो. एकही पोर गळालं नाही. उलट आठ नवी आली. नोकरी वाचली. शेवटी शिकवण्यात जीव असला की पोरं ओळखतात. तरी सत्यशीलाला कारण विचारलं.
"सर, लय सोपा पेपर हाय. तुमी काय बी खरं धरता."
घरी येऊन वहीत खोडलेला एकेचाळीस पुन्हा लिहिला. सौ. हापशाकडे निघाली होती. दुसरी घागर मी उचलली.