नावाड्यासाठी आखलेलं मरण

प्रिय नावाडीबाई,

आणि त्याने फासा टाकलाच नाही. वहिनीने चष्म्यांचा मखमली ट्रे त्याच्यापुढे सरकवला होता, कुलूपवाला खुर्चीच्या टोकावर आला होता, मी खेळातल्या पुराचं वर्णन संपवून थांबलो होतो. डॉक्टरने वीस बाजूंचा फासा दोन बोटांत धरला, ट्रेच्या कडेला हलकेच ठेवून दिला आणि म्हणाला, "फासा कशाला? नावाडी दोर सोडतो. होडीत एकटाच बसतो. मागे बघत नाही." मग वहिनी बोलली. "अहो डॉक्टर, आठवडाभर लोकांना भूल देता आणि इथे जागं राहायची वेळ आली तर पळ काढता? आम्ही काय काठावर उभं राहून टाटा करायचा?" कुलूपवाला हळूच म्हणाला, "तिघं मावलो असतो रे होडीत." डॉक्टरने नावाड्याच्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

हे सगळं तुला वहिनीने फोनवर सांगितलंच आहे, तिच्या पद्धतीने, म्हणजे शेजारच्या दुकानालाही कळेल अशा आवाजात. तू इतकी वर्षं खेळलेला नावाडी, जाताना तू ज्याच्या हाती सोपवलास त्याच्या हातून, पुरात सोबत्यांना सोडून पळाला. तेव्हापासून तू डॉक्टरचा फोन उचलत नाहीस, हेही मला तिच्याकडूनच कळलं. खरं सांगू? बरं वाटलं. त्या दिवशी काचा घासताना मी शीळ घालत होतो. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज काय विशेष?" मी म्हटलं, मशीनचा आवाज आहे.

दुकान तसंच आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढतो, मागच्या खोलीत काचा कापायच्या टेबलावरची धूळ पुसतो, चार खुर्च्या लावतो. नव्या माणसाला आपला खेळ समजावताना तू म्हणायचीस, पट नाही, सोंगट्या नाहीत, एक जण जग सांगतो, बाकीचे त्यात माणसं होऊन वावरतात, आणि जिथे शंका तिथे फासा. जग सांगणारा मी. प्रवचन दिल्यासारखं सांगतो म्हणून तुम्ही मला बुवा करून टाकलंत. वहिनीची चोरणी, कुलूपवाल्याचा भिक्षू, तुझा नावाडी. दिवसभर कुलपं उघडणारा माणूस इथे अहिंसक भिक्षू होतो आणि शाळेतल्या मुलांच्या डब्यांवर नजर ठेवणारी वहिनी खिसे कापते, यावर आपण किती हसलोय. आणि तू, लिफ्टचे ब्रेक तपासून दाखले देणारी, कोणावर पटकन विश्वास न ठेवणारी, तू निवडलास तो बेइमान नावाडी.

तो बेइमान झाला त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. तू मला खुणेने उठवलंस. नंबर तपासायच्या अंधाऱ्या खोलीत आलीस, दार लोटलंस, पेशंटच्या खुर्चीत बसलीस आणि समोरच्या उजळलेल्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत म्हणालीस, "नावाडी विकला गेला. लुटारूंना नदी ओलांडायचा उतार दाखवतो. कोणाला सांगायचं नाही." खालची वस्ती जळाली ती त्या खोलीत. बाहेर पडताना तू नियम केलास: अंधाऱ्या खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही, खेळातली ही मोहीम संपेपर्यंत, कोणी कितीही डोकं खाल्लं तरी. सगळ्यांनी तो मानला. मग तू वरचेवर आत यायला लागलीस. पुष्कळदा सांगण्यासारखं काही नसायचं. आपण तक्त्याची शेवटची ओळ वाचायचो, तू मुद्दाम चुकायचीस, आणि बाहेर वहिनी ओरडायची, "अहो, कट शिजला का?" माझ्या कामात ती खोली रोज उघडते. तू गेल्यावरही रोज उघडते.

नावाड्याला ते पाप धुण्याची संधी द्यायची हे मी तेव्हाच ठरवलं होतं. मरण, पण त्याने स्वतः निवडलेलं. तुला ठाऊक नाही मी त्यावर किती काम केलं. असं मरण आखणं वाटतं तितकं सोपं नसतं. दुसरी वाट उघडी हवी, नाहीतर तो त्याग नाही, नुसता अपघात. ज्यांचं वाटोळं केलं त्यांच्यासाठीच ते हवं. आणि फाशावर सोडून चालत नाही, कारण फासा कोणालाही हुतात्मा करतो. मी नदीच्या मधोमध दगडी खांब उभा केला, खांबावर एक खोली, खोलीत बंधाऱ्याचं दार उचलणारं चाक. तिथे फक्त होडीने जाता येतं. पूर चढला की कोणीतरी ते चाक धरून ठेवायचं, दार उचललेलं राहतं, पाणी दुसऱ्या पात्रात वळतं, पुन्हा उभी राहिलेली खालची वस्ती वाचते. चाक धरणारा खांबाबरोबर जातो. तुझ्यासाठी आखलं तेव्हा काठावर कंदील घेतलेली माणसं होती. जळालेल्या घरातली एक मुलगी, आता मोठी झालेली, नावाड्याला ओळखते आणि त्याला नावाने हाक मारते. तिथे तू रडशील अशी माझी खात्री होती. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी म्हणायचो, अजून एक वर्ष, अजून थोडं पिकू दे. मग तुला बदलीचं पत्र आलं.

नावाड्याचा कागद, त्याचे गुण-अवगुण लिहिलेला, तू माझ्याकडे ठेवशील असं मी धरून चाललो होतो. तू तो त्याला दिलास, आणि मला फोनवर म्हणालीस, माझा एक मित्र आहे, भूल देतो, शांत आहे, तुला आवडेल. नाही आवडला. पहिल्याच रविवारी त्याने माझी डुगडुगणारी खुर्ची कागदाचा तुकडा घालून सरळ केली. मला ती डुगडुगते हे इतकी वर्षं माहीत होतं. तुझा नावाडी बोलका होता, खोटं बोलण्याआधी बोटं मोडायचा. याचा गप्प. विचारलेल्याचं उत्तर देतो आणि पाण्याकडे बघतो. एकदा वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, राग मानू नका, पण हा खरा नदीवरचा वाटतो." मी राग मानला नाही. मी चहाचे कप विसळायला उठलो. त्यातला एक फुटला.

मग कळलं की तुम्ही दर शनिवारी फोनवर नावाड्याबद्दल बोलता. तो सहज बोलून गेला, "ती म्हणत होती, नावाडी पोहताना डोळे मिटतो." हे मला माहीत नव्हतं. ज्याचं जग मी सांगतो तो माणूस पाण्यात डोळे मिटतो, हे मला एका भूलवाल्याने सांगायचं. आणि तुम्ही नावाड्याबद्दलच तेवढं बोलत नसणार, एवढं समजण्याइतका मी बावळट नाही. पुढच्या महिन्यात तो तिकडे, तुझ्या शहरात, नोकरी बघणार आहे हे कळलं त्याच आठवड्यात मी आराखडा काढला आणि बदलला.

काठावरची माणसं काढून टाकली. कंदील, ती मुलगी, हाक, सगळं काढलं. धुकं घातलं. चाक धरलं तर कोणी बघणार नाही, मागे कोणी नाव घेणार नाही. उलट होडी नुसती सोडली तर प्रवाह तिला थेट त्या गावी नेणार होता जिथे नावाड्याची बायको अजून दाराशी दिवा ठेवते. दुसरी वाट मी नुसती उघडी ठेवली नाही, तिच्यावर गालिचा अंथरला. तुझ्यासाठी आखलेलं मरण मी त्याला द्यायला तयार नव्हतो. त्याने ते स्वतःच्या तोंडाने नाकारावं, टेबलावर, वहिनीसमोर, म्हणजे शनिवारी फोनवर तुला कळेल की तू नावाडी कोणाला दिलास. आणि तसंच झालं. वहिनीने तुला फोन केला. त्यानंतरच्या रविवारी तो एका हमालाचं कॅरेक्टर घेऊन आला. चोरणी त्याच्या खांद्यावर ओझी टाकते आणि आभार मानत नाही. कुलूपवाला त्याला बिस्किटं देतो, पण पुडा हातात देत नाही, टेबलावर ठेवतो. तो कोणाला काही म्हणत नाही. जरा बारीक झालाय.

एक गोष्ट वहिनीने तुला सांगितली नसेल, किंवा सांगितली असेल तर टोमणा म्हणून: फासा बाजूला ठेवायच्या आधी डॉक्टर आणि मी आत जाऊन आलो होतो. वहिनीचं म्हणणं, आत जाऊन पळायचा रस्ता विचारून आला. त्याने उठून मला म्हटलं, "बुवा, आत येता का जरा?" आणि तो तुझ्या खुर्चीत बसला. पेशंट रोज बसतात, त्याचं मला काही वाटत नाही. तक्त्याकडे न बघता म्हणाला, "मी चाकापाशी जातो." मी म्हटलं, विचार करा, बायको वाट बघतेय. तो म्हणाला, "बघू दे." म्हटलं, कोणाला कळणारसुद्धा नाही. तो म्हणाला, "तेच तर हवंय. चोरणीचा जीव मी वाचवलाय आणि भिक्षूने सोबत न सोडायची शपथ घेतलीय. मी चाकापाशी जातो म्हटलं तर दोघंही होडीत उड्या मारतील आणि तिघं बुडू. पळतो म्हटलं तर शिव्या देत टेकडी चढतील." मग म्हणाला, "देऊ देत शिव्या. रागात माणूस भरभर चढतो." उठताना त्याने एवढंच विचारलं, होडी रिकामी सोडली तर धुक्यात ती त्यांना रिकामी दिसेल का. मी म्हटलं, नाही दिसणार.

हे मला सुचायला हवं होतं. इतकी वर्षं मी ते मरण घासलं, पुसलं, उजेडात धरून बघितलं, आणि माझ्या प्रत्येक आराखड्यात नावाड्याला शेवटी कोणीतरी बघत होतं. बघणारे काढले तेव्हा मला वाटलं, मी त्याच्याकडून काहीतरी काढून घेतोय. ते सोबती त्याला मरू देणार नाहीत, हे एवढं भलंमोठं भोक मला दिसलं नाही, आणि त्याने ते बुजवलं, तेही स्वतःचं नाव घालवून. तुलाही सुचलं नसतं, नावाडीबाई. तू त्या मुलीच्या हाकेवर रडली असतीस. मी बाहेर येऊन सांगितलं, होडी धुक्यात दिसेनाशी झाली. मग सांगितलं, दार उचललेलंच राहिलं, पाणी वळलं, वस्ती वाचली. वहिनी म्हणाली, "नशीब, दार गंजून अडकलं म्हणून. नाहीतर त्या पळपुट्यामुळे..." डॉक्टर पाणी पीत होता.

तुझं पत्र परवा आलं. तू लिहिलंस, वहिनी रागात सांगते, कुलूपवाला भोळा आहे, तू समोर होतास, तो खरंच पळाला का ते एका शब्दात कळव, त्याला इकडे बोलवायचं की नाही ते मी त्यावर ठरवणार आहे, मला हसू नकोस. हसलो नाही. तो एक शब्द माझ्याकडे आहे आणि तो खोटाही नाही, टेबलावर जे घडलं ते तेच. नियमाने मला त्याहून जास्त लिहिता येत नाही, आणि मोहीम कधी संपवायची हे माझ्या हातात आहे, मी ती आपण म्हातारे होईपर्यंत चालवू शकतो. हे मी कालपासून खूप वेळा स्वतःशी बोललोय. त्याला एका फोनवर तुला सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. वहिनीच्या नंबरावरून केला असता तर तू उचललाही असतास. त्याने सांगितलं नाही, कारण नियम तुझा आहे. तू तोंड फिरवलंस तरी तो पाळतोय. म्हणून मी मोडतोय. पळाला नाही. मला तो अजून आवडत नाही, आणि पुढेही आवडेल असं वाटत नाही. पण तू विचारलंस मला. त्याला बोलव.

तुझाच, आत आणि बाहेर,
बुवा

ता. क. पत्र काल संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या डॉक्टर आला. चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळून दिला. त्याने चष्मा लावून रस्त्यावरच्या पाट्या वाचून बघितल्या, "बरोबर आहे" म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. त्यानंतर मी पाकिटावर तुझा पत्ता घातला.