सहाव्या ओळीतला भागाकार

पुणे, ९ नोव्हेंबर १९८९

श्री. श्यामसुंदर यांस,

नावाआधी खोडलेला शब्द वाचायचा प्रयत्न करू नये.

आपल्या जुन्या शोधनिबंधात चूक सापडली आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम जरा बदलून, विश्वाची समीकरणं आपण खडकवासल्याच्या काठावर बसून सोडवली होती, अगदी अचूक, असं वाटलं होतं. सहाव्या ओळीत तुम्ही दोन्ही बाजूंना विश्वाच्या वाढीच्या वेगाने भागलंत. मी विचारलं होतं, “अहो, हा वेग शून्य असला तर?” तुम्ही हसलात. “जे जागचं हलत नाही, त्या विश्वाचं करायचंय काय?” पुढच्याच महिन्यात तुम्ही कॅनडाला गेलात. मी इथेच राहिले.

बारा वर्षांनी काल ती ओळ न भागता मांडली, तर एक उकल जास्त निघाली. ते विश्व वाढत नाही, आकसत नाही. धरणातल्या दुपारच्या पाण्यासारखं नुसतं असतं. हे काही टिकायचं नाही, असं वाटून मी त्याला कागदावरच एक लहानसा धक्का दिला. ते थोडं थरथरलं आणि पुन्हा जागेवर आलं. त्या पानाकडे मी किती वेळ बघत बसले, कोण जाणे. चहा गार होऊन गेला.

दुरुस्ती छापायला दोघांच्या सह्या लागतात. डिसेंबरात तुम्ही पुण्याला येताय, असं विभागात कळलं. हे पत्र मिळालं, तर सही करायला तुम्ही घरी याल.

म्हणूनच हे पत्र पेटीत टाकणार नाही. लहान धक्क्याचं मी तपासलंय. मोठ्याचं गणित अजून माझ्याच्याने होत नाही.

तुमची सहलेखिका,
सुनीती