वाफ्याबाहेरचा पुदिना

१२ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि धाकट्या भावजींकडे तुमची बडदास्त चालू आहे, हे कळलं. इकडे सगळे खुशाल. सर्वांत खुशाल तुमचा पुदिना. दोन पावसाळ्यांपूर्वी तुम्ही नळापाशी चार काड्या खोचल्यात. त्याने आधी वाट ओलांडली, मग गुलाबांच्या वाफ्यात बिऱ्हाड थाटलं, आणि आता तो कुंपणापलीकडे निघालाय. शेजारचे काका मला रोज नमस्कार करतात, तोही कुंपणाकडे बघून.

म्हणून रविवारी दवाखाना बंद होता तेव्हा सगळा खणला, मुळं बारीक चिरली आणि बागभर मातीत मिसळून टाकली. तेवढंच खत. तुमच्या मुख्याध्यापकी सूचनांशिवाय प्रश्न मिटला, हे कळवायला आनंद होतो.

तब्येतीला जपावं. लोभ आहे तेवढा ठेवावा.

आपली,
सून

१९ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की टाके दुखले. अभिनंदन. पुदिन्याला जे दहा वर्षांत जमलं नसतं ते तू एका रविवारी करून दिलंस. त्याच्या मुळाचा पेरभर तुकडा पुरतो, महिन्याभरात प्रत्येकाला फूट येईल. दिवसभर लोकांच्या दातांची मुळं साफ करतेस आणि घरी मुळं पेरतेस. हे पेशंटना सांगू नकोस.

आता ऐक. माती ओली असताना हाताने मोकळी कर, पांढरी मुळं अख्खी ओढून काढ आणि उन्हात पार वाळव. थोडा ठेवायचाच असेल तर बूड कापलेली बादली मातीत पुरून तिच्यात लाव, काठ मातीच्या वर राहू दे.

बाकी, धाकटा म्हणतो, आता कायमची इथेच राहा. इथे लिफ्ट आहे, आणि धाकटी सून मला उलट बोलत नाही. आपल्या घरचा जिना आता माझ्याने होणार नाही. माझी वरची खोली तुम्हाला सामानाला होईल. मी अजून हो म्हटलेलं नाही, एवढंच.

लोभ आहेच, तो पुदिन्यासारखा पसरू देऊ नकोस.

तुझी,
आई

२८ जुलै

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं, याचा तुम्हाला किती आनंद होईल ते मला माहीत आहे. बागेत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. सुट्टीचा प्रत्येक दिवस मातीत बसून मुळं ओढली. नखं अशी झाली की पेशंट तोंड उघडायला बिचकतात. काकांच्या बाजूचाही काढून दिला. बादलीही पुरली. फक्त मागच्या भिंतीपाशी हातभर पुदिना राहिलाय. तिथली मुळं फार खोल गेलीत, एकटीला निघत नाहीत. तुम्ही शेजारी उभ्या राहून चुका काढल्यात तरच निघतील.

उलट न बोलणारी सून मिळाली, छान झालं. खालची अडगळीची खोली रिकामी करून तुमचा पलंग तिथे आणलाय. वर तो उगाच जागा अडवत होता. भलता अर्थ काढू नये.

पण खरं सांगते आई, घरात मला कोणी टोकत नाही आणि मला अजिबात करमत नाही. तुमचा मुलगा मी काहीही केलं तरी छान म्हणतो. अशा माणसाशी किती बोलणार?

भावजींना नमस्कार. पत्राची वाट पाहते, तुमची तर नाहीच.

आपली,
सून

४ ऑगस्ट

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पुदिन्याची मुळं वीतभराच्या खाली जात नाहीत. एवढी बाग हाताने उपसल्यावर हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

धाकट्याला सांगितलं, त्याने जरा तोंड पाडलं. शनिवारी येते. तो हातभर पुदिना अर्ध्या तासात निघेल. त्यानंतर मला परत जायचं नाहीये, तेव्हा आता दुसरं निमित्त शोधू नकोस.

तुझी,
आई