सत्त्याऐंशी नंबरचं स्टिकर

मंगळवार, ४ मार्च. सकाळ.
रविवारच्या नोंदीत चूक राहिली आहे. मी लिहिलं होतं, "कपाट आवरताना जुन्या कंपासपेटीत अचानक ते स्टिकर सापडलं." यातला 'अचानक' काढावा. 'सापडलं' हेही काढावं. ते तिथे आहे हे मला बावीस वर्षं माहीत होतं. कपाट मात्र खरंच आवरलं.

बाबांनी आम्हा दोघांना चौथीपर्यंत घरीच शिकवलं. रोज संध्याकाळी 'चुकांची वही' लिहायची: डावीकडे चूक, उजवीकडे दुरुस्ती, खाली सही. ज्या दिवशी दिसली त्याच दिवशी दुरुस्त केली तर ती चूक, दुसऱ्या दिवशी ती सवय, असं बाबा म्हणत. दादाची वही वर्षभर पुरायची, कारण ही चूकच नाही असं तो तासभर पटवून द्यायचा. माझ्या सात वह्या भरल्या. तेव्हा त्याच शिस्तीत, उजवी बाजू:

त्या काळी एका च्युइंगमच्या पुडीत प्राण्याचं एक स्टिकर निघायचं. एकशे वीसचा अल्बम भरून पाठवला की गिअरची सायकल. दादा तेरा वर्षांचा, मी सात. माझ्या पुडीतलं स्टिकरही त्याचं, आणि चिकटवणारही तोच, कारण मी वाकडं चिकटवते, असं तो म्हणायचा (तेव्हापासून मी सगळं पट्टी लावून चिकटवते). त्याची एकशे एकोणीस झाली. राहिलं सत्त्याऐंशी, खवलेमांजर. ते माझ्या पुडीत निघालं. मी ते चुंबकाच्या दुमजली कंपासपेटीत, खालच्या मजल्यावर ठेवलं. लपवलं नाही, ठेवलं. दुसऱ्या दिवशी देणारच होते. योजना संपायला तेव्हा चार दिवस होते.

लिहून बरं वाटलं. निम्मं काम झाल्यासारखंच आहे.

गुरुवार, ६ मार्च. दुपार, ऑफिस.
दादाच्या पुस्तकाचं पहिलं प्रूफ आलं. पुस्तक आमच्याच छापखान्यात, आणि प्रूफं तपासणारी मी. त्यानेच मालकांना सांगितलं, माझी बहीण आहे म्हणून देतोय, तिच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही.

विषय, आमच्या लहानपणीच्या वस्तू. वासाची खोडरबरं (मी एक खाल्लं होतं, तेही आलंय), टाच टेकली की लुकलुकणारे बूट, पेन्सिल घालून गुंडाळायच्या कॅसेट, खायला घातलं नाही की मरणारं, बटणांच्या खेळण्यातलं पिल्लू. वाचताना दोनदा हसले. मग प्रकरण नववं. नाव, 'सत्त्याऐंशी'. पान एक्केचाळीस: "ते स्टिकर कंपनीने छापलेच नव्हते. माझ्या आयुष्यातली ती पहिली फसवणूक आणि पहिली तक्रार."

हे खरं आहे. म्हणजे तक्रार खरी आहे. तेराव्या वर्षी त्याने कंपनीला नऊ पत्रं पाठवली, आणि आज तो लोकांना तक्रारी लिहून देण्यावरच घर चालवतो. टोस्टर, पंखे, विमा, काहीही. त्या स्टिकरनेच त्याला घडवलं, असं तो म्हणतो. त्या हिशेबाने त्याला मी घडवलं, पण असा विचार करणं बरोबर नाही.

प्रकरणात तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. दुरुस्त केल्या. मजकूर खरा की खोटा हे बघणं मुद्रितशोधकाच्या कामात बसत नाही. तरी रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचंय, तेव्हा सांगते. पहिलं वाक्य पाठ केलंय: "दादा, हसशील तू."

रविवार, ९ मार्च. संध्याकाळ.
सांगितलं नाही. जेवताना सांगणार होते, पण तोंडात घास होता. माझा संपला तेव्हा त्याच्या तोंडात होता. नंतर शेजारचे डॉक्टर आले आणि त्यांना त्याने सत्त्याऐंशीची गोष्ट सांगितली, उभं राहून, हातवारे करून. म्हणाला, सायकल मिळाली असती ना डॉक्टर, तर मी आज सुखी आणि निरुपयोगी माणूस असतो. वहिनी आतून म्हणाली, निम्मं जमलंय की.

सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच. आता बुधवारी. घास नसेल तेव्हा.

बुधवार, १२ मार्च.
अर्पणपत्रिका आली. "धाकट्या बहिणीस. तिने तिच्या वाट्याची सगळी स्टिकरं मला दिली."

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत येऊन 'सगळी' हा शब्द लाल शाईने खोडला आणि समासात लिहिलं, "जागेअभावी." त्या पानावर तेवढी एकच ओळ आहे, हे डीटीपीवाल्या ताईंनी दाखवून दिलं. म्हणाल्या, बाई गं, एवढ्या जागेत कबड्डी खेळता येईल.

'सगळी' परत घातला.

शुक्रवार, १४ मार्च.
दुसरं प्रूफ. नवी युक्ती. एकदम धक्का देण्यापेक्षा सत्य हळूहळू आत सोडावं. "छापलेच नव्हते" चं केलं "बहुधा छापले नसावे".

अर्ध्या तासात दादाचा फोन. बहुधा? बहुधा म्हणजे काय? तुला पुरावा हवाय का माझ्याकडून? मी म्हटलं, भाषेच्या दृष्टीने जरा मवाळ वाटतं. तो म्हणाला, मवाळ लिहायचं असतं तर मी लग्नपत्रिका लिहिल्या असत्या. आणि बोलता बोलता एक वाक्य वाढवलं: "देशातल्या एकाही मुलाला सत्त्याऐंशी मिळाले नाही."

म्हणजे माझ्या दुरुस्तीने एका खोट्या वाक्याची दोन झाली. आता मजकुराला हात लावायचा नाही. सांगायचंच. फक्त कसं, ते ठरवायला हवं.

मंगळवार, १८ मार्च. सकाळ.
ठरलं. सांगायची गरजच नाही. दादाला माणसाचं पटत नाही, पुराव्याचं पटतं. स्टिकर पोस्टाने पाठवलं. सोबत डाव्या हाताने लिहिलेली चिठ्ठी: "महाशय, सत्त्याऐंशी छापले होते. हे पाहा. आपला, एक वाचक." 'एक वाचक' हे खोटं नाही. त्याचं पुस्तक मी तीनदा वाचलंय.

पाकीट पेटीत टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की ऑफिसला पायी गेले. उशीर झाला. मालकांना खरं कारण सांगितलं नाही. (चूक. दुरुस्ती उद्या.)

गुरुवार, २० मार्च.
पाकीट पोचलं. दादा आनंदाने वेडा झालाय. स्टिकर बनावट आहे म्हणतो. भिंग लावून बघितलं त्याने. बावीस वर्षांनी स्टिकर इतकं कोरं राहीलच कसं? कंपनी बुडाली तरी माणसं शिल्लक आहेत, पुस्तकाची कुणकुण लागली त्यांना, आता तोंड बंद करायला बघतायत. प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून वर लिहिलंय, 'पुरावा क्रमांक एक'.

पान एक्केचाळीसवर नवा परिच्छेद आला. शेवटचं वाक्य: "असे स्टिकर कुणी बावीस वर्षे जपून ठेवले आणि दिले नाही, असा माणूस असूच शकत नाही."

'नाही'नंतर स्वल्पविराम बरोबर आहे. तपासला.

रविवार, २३ मार्च.
नववं प्रकरण आज पेपरच्या पुरवणीत छापून आलं, दादाच्या फोटोसकट. सकाळपासून त्याला फोन येतायत. मी सांगायलाच गेले होते, पण अशा दिवशी सांगणं म्हणजे दुधात मिठाचा खडा.

चहा करताना वहिनी म्हणाली, त्या पाकिटावरचं तिकीट बघितलंस? काय सरळ चिकटवलंय! पट्टी लावून चिकटवावं तसं. एवढं सरळ चिकटवणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलंय.

मी म्हटलं, हो का. ती म्हणाली, हो ना. मग बराच वेळ चहा उकळला. कप हातात देताना म्हणाली, मी नाही सांगणार. पण छापायच्या आत सांग बाई. त्याला कुणी फसवलं तर तो नऊ पत्रं लिहितो, पण तुला तो पत्रसुद्धा लिहायचा नाही.

छापायच्या आत म्हणजे दोन दिवस. भरपूर आहेत.

सोमवार, २४ मार्च. दुपार.
ऑफिसात फोन आला (पुरवणीत लेखाखाली छापखान्याचा नंबर होता), मीच घेतला. एक म्हातारे गृहस्थ. त्यांच्या वस्तीत त्यांना सगळे 'गमवाले आजोबा' म्हणतात. त्या कंपनीत सव्वीस वर्षं पुड्या भरण्याच्या विभागात होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, ताई, एकशे वीस ट्रे असायचे. सत्त्याऐंशीचा माझ्या डाव्या हाताला. अलीकडे कोल्हा, पलीकडे गेंडा. सगळे सारखे भरायचे, कमी भरला तर सुपरवायझर ओरडायचा. काल नात पुरवणी मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि विचारलं, आजोबा, तुम्ही मुलांना फसवायचात?

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, काय म्हणणार, छापून आलंय म्हटल्यावर.

लेखकाचा नंबर हवा होता त्यांना. भांडायला नको, म्हणाले, फक्त एवढं छापा की छापलं होतं.

मी नंबर दिला नाही. म्हटलं, आजोबा, तुमचं बरोबर आहे, दुरुस्ती होईल, मी शब्द देते. ते म्हणाले, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी चुका बघते इथे. ते म्हणाले, मग काळजी नाही.

आजवर वाटत होतं की कंपनी बुडाली आहे, तेव्हा कुणाचं काहीच बिघडत नाही. ही माझ्या समजुतीतली चूक. उजवी बाजू अजून लिहिता येत नाहीये.

मंगळवार, २५ मार्च.
शेवटचं प्रूफ. मुद्रितशोधकाने 'छपाईस योग्य' लिहून सही करायची असते. सकाळी नऊपासून पेन हातात. दादाला तीन फोन केले. पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणाशी बोलत होता, दुसऱ्यांदा त्याने उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी विचारलं, जेवलास का?

मशीनवाला दारात उभा. मालक म्हणाले, लग्नाच्या रजिस्टरवर सही करतेस का?

केली. माझी सही फक्त ऱ्हस्व-दीर्घापुरती असते. शिवाय पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवता येतं, ही गोष्ट मी घाबरून विसरलेच होते. सगळं त्यात येईल. उलट जास्त उठून दिसेल.

शुक्रवार, २८ मार्च.
शुद्धिपत्र तयार. आठ मसुदे फाडले, कारण त्यांत 'क्षमस्व' फार वेळा येत होतं. अंतिम:

"अर्पणपत्रिका: 'सगळी' याऐवजी 'एक सोडून सगळी' असे वाचावे. पान ४१, ओळ ९: 'छापलेच नव्हते' याऐवजी 'छापले होते, ते लेखकाच्या बहिणीकडे होते' असे वाचावे. त्याच पानावर पुढे: 'देशातल्या एकाही मुलाला' याऐवजी 'लेखकाला' असे वाचावे. पान ४१, शेवटची ओळ: 'असूच शकत नाही' याऐवजी 'आहे' असे वाचावे."

इतकं स्वच्छ मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. सगळे काम आटपून घरी गेले की ऑफिसच्या प्रिंटरवर पाचशे प्रती काढते. कागद माझा.

सोमवार, ३१ मार्च.
मालकांनी शुद्धिपत्राची एक प्रत बघितली. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचली. म्हणाले, हे तू आहेस? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, शुद्धिपत्र लेखकाच्या सहीशिवाय चिकटत नाही आमच्याकडे. आणि मग हळूच, अगं, फोन करायला एक मिनिट लागतं.

त्यांना आमचं घर माहीत नाही.

बुधवार, २ एप्रिल.
पुस्तकं बांधून आली. छान झालीत. सगळं नीट आखलं आहे, आणि या वेळी त्यात कुठेही फट नाही. प्रकाशन रविवारी, ६ एप्रिलला, अकरा वाजता. मी दहाला दादाकडे. तो कपडे करत असेल, पळून जाता येणार नाही (त्याला). शुद्धिपत्र पुढे करायचं, तो वाचेल, ओरडेल, सही करेल. वहिनी आणि मी रिक्षात बसून चिकटवत जाऊ. गमवाल्या आजोबांनाही फोन केला: समारंभाला या, दुरुस्ती तुमच्या हातात देते. ते म्हणाले, नातीला आणू का? तिच्यादेखत मिळालं तर बरं. मी म्हटलं, जरूर आणा.

दिलेला शब्द पाळण्यात एक वेगळंच समाधान असतं.

गुरुवार, ३ एप्रिल. संध्याकाळ.
दादाचा फोन. रविवारी सभागृह मिळत नाही, आधीचं कुणाचं तरी बुकिंग निघालं. समारंभ शनिवारी, ५ तारखेला, संध्याकाळी पाचला. सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडे. म्हणाला, तुझ्यावर टाकलं की मी निर्धास्त असतो.

एक्केचाळीस जणांना कळवलं. शेवटचा फोन आजोबांना. ते म्हणाले, बरं झालं, शनिवारी नातीची शाळा लवकर सुटते. पाचला पोचतो, शर्ट इस्त्रीला दिलाय. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या आहेत. लिहून ठेवल्या.

आता प्रश्न दादाला सांगण्याचा. शनिवारी सकाळी सांगता येईल, नाही असं नाही. पण समारंभाच्या दिवशी माणूस गडबडीत असतो, आणि इतकी गंभीर गोष्ट घाईत उरकणं हा त्याच्यावर अन्याय. आजोबांवरही. उद्या तर तो हारतुऱ्यांच्या मागे असेल. रविवारी मात्र तो दिवसभर मोकळा आहे, आधी ठरवलेली वेळही तीच आहे, आणि ठरलेला बेत ऐनवेळी बदलणं मला पटत नाही.

तेव्हा रविवार, ६ एप्रिल. सकाळी दहा.