फिलूने न केलेली सही

शुक्रवार, संध्याकाळ. डिचोली

फिलूने पेनाला टोपण लावलं, तेच राहून राहून डोळ्यांसमोर येतंय. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती पाळी गावची तलाठी. मी जमिनीच्या उताऱ्यासाठी गेले, तर तिचे वरचे साहेब आधीच येऊन बसलेले. अहवाल त्यांनीच लिहून आणलेला: नव्या खाणीच्या जागेत पाण्याची झर नाही. आणि कचेरीच्या माठात पाणी त्याच झरीचं!

“सही करा बाई, नाहीतर काणकोणला बदली,” त्यांनी बजावलं. कालही हेच सांगून गेले होते म्हणे. काणकोण गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि फिलूची आई अंथरुणाला खिळलेली.

“साहेब, सरकारच्या कामासाठी मी कितीतरी आयतारांची चर्चमधली मिस्सा चुकवली. पण देवाच्या देखत खोटं लिहिणार नाही.” आणि टोपण लावलं. मी तिच्या जागी सही केली असती. केलीच असती ना?

बाहेर आल्यावर म्हटलं, “बदली आली तर कोर्टात जा गो.”

“कशाला? बदली करायचा त्यांना अधिकार आहे. हुकूम आला की जाईन. सकाळीच आईला सांगून आलेय.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, माझी उशी तेवढी विसरू नकोस.”